दहा दिवस की पाच? प्लेगच्या काळातलं बंदरावरचं क्वारंटाइन कसं चालायचं

तुमच्याकडच्या जुन्या कागदांवरून पडलेला तुमचा प्रश्न असा आहे: मुंबईहून बोटीने गेलेल्या माणसाला १० दिवस अडकवून ठेवल्याचं १८९७ च्या कागदांत दिसतं. १९०५ च्या आसपासच्या कागदांत त्याच रोगासाठी ५ दिवस येतात. हा फरक कशामुळे पडला? आणि बंदरावर इतकी कडक तपासणी होती, तर प्लेग किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला कसा?

दोन्हींची गाठ एकाच जागी आहे. १८९७ चे नियम माणसाला धरून लिहिले होते. किती दिवस ठेवायचं, कुठे ठेवायचं, कपडे कसे धुवायचे, सगळं माणसाचं. प्लेग मात्र मुख्यतः उंदीर आणि उंदरावरची पिसू यांच्याबरोबर फिरत होता, आणि त्यांचा रस्ता धान्याच्या पोत्यांतून आणि जहाजाच्या दोरखंडांवरून जात होता. पुढे हे कळत गेलं तसा माणसाला अडवायचा काळ कमी झाला आणि होल्डमधल्या, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेतल्या, उंदराकडे लक्ष गेलं. हे सावकाश पाहू, कारण खरी माहिती तपशिलात आहे.

आधी मुंबईची जागा समजून घ्यायला हवी. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत गाठीचा ताप ओळखला. मांडवी म्हणजे मशीद बंदराला आणि गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. माणसं आजारी पडण्याआधी तिथल्या गोदामांत उंदीर मरून पडत होते, हे त्या वेळी लोकांनी पाहिलं होतं. रोग हाँगकाँगकडून जहाजाने आला की उत्तरेकडून यात्रेकरूंबरोबर आला, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. बंदराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी होती. ऑक्टोबरपासून मुंबई हे रोग बाहेर पाठवणारं बंदर झालं होतं. म्हणून मुंबईतलं बहुतेक काम येणाऱ्या जहाजावर नव्हे, सुटणाऱ्या जहाजावर झालं. क्वारंटाइन म्हटलं की बाहेर नांगरलेलं जहाज डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे हे निसटतं.

कायद्याचा आधार ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने मिळाला. बंदरात येणारं किंवा बंदरातून सुटणारं कुठलंही जहाज तपासायचा, ते अडकवायचा, आणि त्यातून जाऊ पाहणाऱ्या किंवा आलेल्या माणसाला थांबवायचा अधिकार त्यात होता. मार्चमध्ये मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती बसली. त्याच मार्चमध्ये, १९ तारखेला, वेनिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत खास प्लेगसाठी करार झाला. दिवसांचे आकडे त्या करारातले आहेत.

सुटणाऱ्या प्रवाशाच्या तपासणीला करारात काही अटी होत्या: तपासणी प्रत्येकाची वेगळी, दिवसाउजेडी, जमिनीवर, बोटीत चढायच्या वेळी, आणि सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडून. एकेका अटीमागे अनुभव आहे. कंदिलाच्या उजेडात डोळ्यांची लाली आणि जिभेचा रंग कळत नाही, म्हणून दिवस. माणूस एकदा बोटीवर चढला आणि तिथे रोगी ठरला की अख्खी बोट बाधित होते आणि शेकडो जण अडकतात, म्हणून जमीन. आणि आदल्या दिवशीचा दाखला प्लेगमध्ये कुचकामी असतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी तापाने फणफणतो.

धक्क्यावरच्या मांडवात काम असं चाले. रांग पुढे सरकत असताना डॉक्टर आधी चाल बघे. प्लेगचा रोगी झिंगल्यासारखा पाय टाकतो, शब्द अडखळतात, डोळे लाल आणि चेहरा भेदरलेला असतो. मग नाडी आणि हाताला लागणारी कातडीची ऊब. शंका आली तर थर्मामीटर. त्यानंतर जांघ, काख आणि मान यांवर बोटं फिरवायची. गाठ बहुतेक वेळा जांघेत सापडते, कारण पिसू पायाला चावते. तेव्हा मात्र हे कारण कुणाला ठाऊक नव्हतं. बायकांची तपासणी पडद्याआड स्त्री डॉक्टरकडून व्हावी अशी अपेक्षा होती. जिथे स्त्री डॉक्टर नव्हती तिथे ती नाडीवर भागवली गेली, नाहीतर परपुरुषाचा हात लागला. लोकांचा संताप या दुसऱ्या गोष्टीवर होता आणि तो पूर्णपणे रास्त होता.

या तपासणीत दोन्ही बाजूंनी चुका होत. अनवाणी चालणाऱ्या हमालाच्या आणि खलाशाच्या तळपायाला भेगा आणि जखमा असतात, त्यामुळे जांघेत गाठी कायमच्याच. त्या कडक, हलणाऱ्या आणि फारशा न दुखणाऱ्या. प्लेगची गाठ ताजी असते, बोट लावू देत नाही, भोवतीचा भाग सुजून तिची कड हाताला लागत नाही, आणि माणूस तो पाय गुडघ्यात मुडपून ठेवतो. घाईत हा फरक राहून जाई आणि निरोगी माणसं कॅम्पात जात. उलट बाजूची चूक जास्त महागात पडे. रोग अंगात शिरल्यावर २ ते ६ दिवस काहीच दिसत नाही. फुप्फुसाच्या आणि रक्तात पसरलेल्या प्लेगमध्ये तर गाठ येतच नाही. संशयित गाठीत सुई घालून काढलेला थेंब काचेवर घेऊन रंगवला, की दोन्ही टोकांना गडद आणि मधे फिकट असे जंतू दिसत. पण त्याला सूक्ष्मदर्शक आणि सवयीचा डोळा लागे. गिनीपिगला टोचून खात्री करायची तर काही दिवस जात. तेवढा वेळ बोट थांबत नसे.

आता दिवसांचं गणित. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

वेनिसच्या करारात जहाजाचे तीन प्रकार होते. जहाजावर प्लेगचा रोगी आहे किंवा गेल्या १२ दिवसांत नवा रोगी झाला, तर ते बाधित. सुटताना किंवा वाटेत रोगी होता पण १२ दिवसांत नवा नाही, तर संशयित. प्लेगच्या बंदरातून आलं असलं तरी सुटण्यापूर्वी, वाटेत आणि पोचल्यावर एकही रोगी नाही, तर निरोगी. रोग अंगात मुरायचा सर्वांत मोठा काळ १० दिवस धरला होता. बाधित ठरवताना त्यावर थोडी सूट ठेवून १२ केले. बाधित जहाजाचे रोगी उतरवून वेगळे ठेवायचे आणि बाकीच्यांना जास्तीत जास्त १० दिवस. संशयित जहाजाच्या लोकांवर पोचल्यापासून १० दिवस नजर. निरोगी जहाजाच्या लोकांवरही १० दिवस नजर ठेवता येई, पण ते दिवस प्लेगचं बंदर सोडल्यापासून मोजायचे.

हे शेवटचं वाक्य नकाशावर ठेवून बघा. मुंबई ते एडन सुमारे १६४० सागरी मैल, एडन ते सुएझ आणखी सुमारे १३००. ताशी १२ मैलांच्या आगबोटीला सुएझ गाठायला साधारण १० दिवस लागतात. म्हणजे सुएझला पोचेपर्यंत १० दिवस समुद्रावरच संपलेले. ज्याला आजार व्हायचा तो वाटेत झालेला असे आणि जहाजावरच्या डॉक्टरने पाहिलेला असे. कराची मात्र सुमारे ५०० मैल, जेमतेम दोन दिवस. तिथे उतरणारा माणूस रोग अंगात घेऊन, काहीही न दिसता, धक्क्यावर येऊ शकतो. म्हणून कराचीकडे किंवा किनाऱ्यावरच्या जवळच्या बंदरांत गेलेल्याच्या कागदावर पुरे दिवस कॅम्पात काढल्याची नोंद दिसते, आणि युरोपला गेलेल्याच्या कागदावर फक्त डॉक्टरची सही. कुणाला सूट दिली असं त्यात नाही. माणसाच्या हिशेबाने हा नियम बरोबर होता.

१९०३ च्या पॅरिस परिषदेने हे आकडे बदलले. तोवर सात वर्षांत हजारो रोगी पाहून झाले होते आणि रोग बहुधा पाच-सहा दिवसांत उघड होतो हे पक्कं झालं होतं. बाधित ठरवायची मुदत १२ वरून ७ दिवसांवर आली. अडकवून ठेवायचे दिवस १० वरून ५ झाले, त्यानंतर लागलीच तर आणखी ५ दिवस नुसती नजर. तुमच्या कागदांतला फरक हाच. तिसरी गोष्ट त्याहून मोठी आहे: बाधित जहाजावरचे उंदीर माल उतरवण्याआधी किंवा नंतर, पण कुठल्याही परिस्थितीत ४८ तासांच्या आत मारायचे, हे त्या करारात आलं.

त्याआधी जहाज शुद्ध करायची जी रीत होती तिच्यावर खर्च आणि कष्ट खूप झाले. येणारं जहाज पिवळं निशाण चढवून बाहेर नांगर टाकी. आरोग्य अधिकारी वाफेच्या लाँचमधून जाई, वाटेतली बंदरं, आजारी आणि मेलेले यांची यादी घेई, खलाशी आणि प्रवासी डेकवर ओळीत उभे करून यादीशी माणसं ताडून बघे. एखादा माणूस कमी भरला तर आधी तो शोधायचा. मग मळके कपडे, अंथरुणं आणि राहायच्या जागा शुद्ध करणं, तळाचं घाण पाणी औषध घालून उपसणं, पिण्याचं पाणी बदलणं.

कपड्यांना वाफ सर्वांत खात्रीची. पण गाठोडं घट्ट बांधलेलं तसंच पेटीत सरकवलं तर मधे हवा अडकते आणि आतला भाग कोमटच राहतो. बाहेरून सगळं वाफाळलेलं दिसतं म्हणून चूक ध्यानात येत नाही. कपडे सुटे टांगायला हवेत आणि आधी हवा बाहेर जाऊ द्यायला हवी. चामडं, लोकर लावलेली कातडी आणि रबर वाफेत आकसतात. रक्ताचे डाग कायमचे बसतात. कच्च्या रंगाच्या लुगड्याचा रंग शेजारच्या कपड्यावर उतरतो. गरिबाचं एकुलतं एक चांगलं वस्त्र असं गेलं की पुढच्या वेळी तो गाठोडं लपवतो.

जमिनीला आणि भिंतींना मर्क्युरी परक्लोराइड (पाऱ्याचा क्षार) हजारात एक, म्हणजे लिटरला १ ग्रॅम. हे औषध जालीम विष आहे आणि कागदावर उत्तम जंतुनाशक आहे. प्रत्यक्षात रक्त, कफ, मळ यांतल्या प्रथिनांशी ते लगेच बांधलं जातं आणि खालचा जंतू वाचतो. म्हणून त्यात थोडं आम्ल घालत. तांब्याच्या किंवा पितळेच्या बादलीत कालवलं तर पारा बादलीवर बसतो, भांडं चांदीसारखं चकाकतं आणि पाण्यात औषध उरत नाही. त्यासाठी लाकडाचं किंवा मातीचं भांडं हवं. आणि फवारल्यावर लगेच त्यावर चुना दिला, तर चुना ते औषध मोडून टाकतो. पाण्यासारखा पैसा ओतूनही ही धुलाई निष्फळ का वाटायची, त्याची कारणं अशी बारीक आहेत.

मोठं कारण पुढे परळच्या प्रयोगशाळेत कळलं. प्लेगच्या जंतूंनी मुद्दाम भिजवलेली शेणाने सारवलेली जमीन ४८ तासांनंतर आणि चुन्याची जमीन २४ तासांनंतर रोग देऊ शकत नव्हती. जमिनीतला जंतू आपोआप मरत होता. ज्याला धुऊन काढायला सगळे धडपडत होते तो शत्रू तिथे टिकतच नव्हता.

खरा वाहक पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने जून १८९८ मध्ये कराचीत दाखवला. आजारी उंदरावरची पिसू निरोगी उंदरावर गेली की रोग जातो, असा त्यांचा प्रयोग होता. तेव्हाच्या प्लेग कमिशनने तो मानला नाही. १९०५ पासून परळला ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच पुन्हा, अगदी काटेकोरपणे सिद्ध केलं. प्रयोगासाठी बांधलेल्या खोल्यांत गिनीपिगचे पिंजरे टांगले: जमिनीपासून दोन इंचांवरचा प्राणी मेला, दोन फुटांवरचा जगला. उंदराची पिसू चार-पाच इंचांहून फार उंच उडत नाही, एवढाच काय तो फरक. मुंबईत आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत मर, सुमारे १० दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत मर, आणि त्यानंतर १० ते १४ दिवसांनी माणसांत साथ, हा क्रमही त्यांनीच मांडला.

जहाजाला हा क्रम लावला की १८९७ च्या नियमातलं भोक दिसतं. काळा उंदीर उत्तम चढणारा, म्हणून जहाजावर मुख्यतः तोच असतो. होल्डमध्ये उंदरांत मर सुरू झाली तरी माल बंद असेपर्यंत माणसाचा तिथे संबंध नाही. तीन आठवड्यांच्या प्रवासात एकही खलाशी आजारी पडत नाही, जहाज निरोगी ठरतं, लगेच धक्क्याला लागतं, आणि पोत्याबरोबर पिसू, दोरावरून उंदीर असा रोग उतरतो. जवळच्या बंदराला धोका माणसाचाही होता. लांबच्या बंदराला जवळजवळ पूर्णपणे उंदराचा, आणि लांबच्या बंदरांचा नियम माणसाचे दिवस मोजत होता. केपटाउनला १९०१ मध्ये आलेला प्लेग लष्करासाठी आणलेल्या घोड्यांच्या चाऱ्याबरोबरच्या उंदरांशी जोडला गेला, तो याच रस्त्याने.

आता उंदीर मारायची रीत. इथे थोडा वेळ थांबतो, कारण जुन्या कागदांत नुसतं ‘गंधकाची धुरी दिली’ एवढंच असतं, आणि ती धुरी चांगली होती की वाईट हे ओळखता आलं पाहिजे.

प्रमाण हजार घनफुटांना ३ पौंड गंधक, किमान ६ तास बंद. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि या प्रमाणात हवेत त्याचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. उंदीर आणि पिसू दोन्ही मरायला तो पुरतो. समजा होल्ड ६० फूट लांब, ४० रुंद, २० उंच आहे. ४८,००० घनफूट, म्हणजे १४४ पौंड गंधक. एकाच भांड्यात एवढा ओतला तर मधला जळत नाही. २४ पौंडांची सहा उथळ लोखंडी भांडी घ्यायची, गंधक बारीक फोडायचा, प्रत्येक भांडं पाण्याच्या पसरट टबात ठेवायचं. पाण्याचं काम दोन प्रकारचं: वितळलेला गंधक उतू गेला तर लाकडी डेक पेटत नाही, आणि वाफेने हवा दमट राहते. गंधकाच्या मधोमध खळगा करून त्यात स्पिरिट ओतायचं आणि दारापासून लांबचं भांडं आधी पेटवत मागे यायचं.

भांडी तळाशी ठेवायची नाहीत, पोत्यांच्या किंवा फळ्यांच्या उंचवट्यावर ठेवायची. गार झालेला वायू जड असल्यामुळे तळाशी साचतो आणि तिथली ज्योत प्राणवायू न मिळाल्याने अर्ध्यात विझते. धुरी संपल्यावर भांड्यात उरलेला पिवळा लगदा म्हणजे प्रमाण कमी पडल्याची खूण. तो तोलून बघायचा. हॅचवर, म्हणजे होल्डच्या वरच्या तोंडावर, ताडपत्री, हवेच्या नळ्यांना कागद आणि खळ, आणि शेजारच्या कप्प्यातली सगळी माणसं बाहेर. मधल्या भिंतीच्या सांध्यांतून वायू झिरपतो आणि झोपलेला खलाशी गुदमरतो, म्हणून यादी हातात घेऊन माणसं मोजायची. उघडताना वाऱ्याकडच्या बाजूने उघडायचं आणि कापडी सोंड खाली सोडून हवा घालायची. जड वायू आपण होऊन वर येत नाही. खाली उतरल्यावर डोळ्यांना झोंबत असेल तर परत वर यायचं.

फसतं कुठे? भरलेल्या होल्डमध्ये वायू पोत्यांच्या थप्पीत शिरत नाही. कडेचे उंदीर मरतात, मधले राहतात. रिकाम्या होल्डमध्ये फळ्यांच्या अस्तरामागे आणि तळाच्या नाळीत हवा कोंडलेली राहते, म्हणून त्या फळ्या आधी काढायला हव्यात. ओलसर मालावर वायू बसून आम्ल तयार होतं: कापडाचा रंग उडतो, पितळेचं काम काळवंडतं, चहा आणि पीठ बाद होतं. यामुळे व्यापारी माल उतरवल्यावरच धुरी द्या म्हणत. करारातल्या ‘आधी किंवा नंतर’ या शब्दांत ही सोय होती. माझ्या मते इथेच सगळ्यांत जास्त नुकसान झालं. माल उतरताना झालेल्या आवाजाने आणि उजेडाने उंदीर पडावांत (माल नेणाऱ्या होड्यांत) आणि धक्क्यावर पळतात, आणि मग रिकाम्या होल्डला दिलेली धुरी उत्तम असूनही उशिराची ठरते. हॅच उघडायच्या आधी एकदा आणि माल निघाल्यावर दुसऱ्यांदा, असं दोनदा करणं योग्य होतं. त्याला दिवस आणि पैसा लागे.

भांड्यांऐवजी क्लेटनचं यंत्र आलं तेव्हा काम सुधारलं. यंत्र बार्जवर (सपाट तळाच्या होडीवर) जहाजाच्या शेजारी उभं राहतं. एका नळीने होल्डमधली हवा भट्टीत ओढतं, गंधक जाळून वायू गार करतं आणि दुसऱ्या नळीने परत होल्डमध्ये ढकलतं. जहाजावर आग नाही, आणि वायू भांड्यांपेक्षा बराच दाट होतो. हॅम्बुर्गमध्ये कार्बन मोनॉक्साइड वापरून पाहिला. माल खराब होत नाही ही त्याची मोठी जमेची बाजू. पण पिसू मरत नाहीत, आणि वास नसल्यामुळे माणसाला धोका कळत नाही. मेलेल्या उंदरावर जिवंत पिसू म्हणजे सर्वांत वाईट अवस्था, कारण अंग गार पडलं की पिसू त्याला सोडून नवं अंग शोधते. म्हणूनच मेलेला उंदीर हाताने किंवा शेपटीने उचलायचा नाही. चिमट्याने धरून रॉकेलमध्ये बुडवायचा आणि बॉयलरच्या भट्टीत टाकायचा. पुढे हायड्रोसायनिक वायू आला. तो उंदीर आणि पिसू दोन्ही मारी आणि मालाला इजा करत नसे, पण त्याने माणसंही मेली.

धुरीपेक्षा स्वस्त आणि मला जास्त मोलाचा वाटणारा उपाय दोरावरच्या तबकडीचा. जहाज धक्क्याला बांधलं की पुढून-मागून दोरखंड जातात, आणि काळ्या उंदराला तो हमरस्ता असतो. त्यावर ३ फूट व्यासाची पत्र्याची तबकडी घालतात: मधे दोराएवढं भोक, त्या भोकापासून कडेपर्यंत एक चीर, चिरेतून दोर आत सरकवायचा आणि चीर बांधून टाकायची. काम सोपं आहे आणि चुकतंही सहज. भोक दोरापेक्षा मोठं राहिलं तर उंदीर त्यातून जातो. तिथे काथ्या किंवा चिंध्या कोंबायला हव्यात. तबकडी कलली की वरच्या कडेवरून उडी जमते. जहाजाच्या अंगाला फार जवळ बसवली तर उंदीर तिला वळसा घालून थेट जहाजावर उतरतो. दोन दोर शेजारी शेजारी असतील तर प्रत्येकाला वेगळी तबकडी नको. दोन्ही एकत्र बांधून एकीतून काढायचे, नाहीतर तो एकावरून दुसऱ्यावर जातो. भरती-ओहोटीने दोर सैल-ताठ होतो, त्यामुळे सकाळी नीट बसवलेली तबकडी संध्याकाळी पाण्याला टेकलेली असते. दिवसातून दोनदा बघणारा माणूस ठेवला तरच तिचा उपयोग. शिवाय सूर्यास्तानंतर शिडी उचलायची, उचलता येत नसेल तर तिच्या तोंडाशी दिवा ठेवायचा, आणि जहाज धक्क्याला घासून न ठेवता मधे चार-सहा फूट पाणी सोडायचं.

आगबोटीला हे सगळं लावता येई, कारण तिला ठरलेला धक्का, मालाचा कागद आणि एजंट असे. फत्तेमारी, मचवा, पडाव या किनाऱ्याने फिरणाऱ्या देशी गलबतांना यातलं काहीच लागू पडत नव्हतं. धान्य, कापूस, मीठ, मासळी भरून निघालेली फत्तेमारी वारा पडला की कुठल्याही खाडीत शिरते. तांडेल, म्हणजे तिचा म्होरक्या, आपल्या गावाजवळ दोन उतारू उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी बंदरात यादी बरोबर जुळते. कोकणापासून काठेवाड, कच्छ, सिंधपर्यंतच्या खाड्यांवर पहारा ठेवायला माणसं नव्हती, आणि १० दिवस नुसतं बसवून ठेवलेल्या खलाशाची मजुरी कुणी देत नव्हतं. जिथे रोजी बुडते तिथे माणूस नियम चुकवणार, हे धरून नियम करायला हवा होता. दमणचं उदाहरण यातलंच. पोर्तुगीज हद्द, मुंबईपासून अगदी जवळ, तरी १८९७ च्या वसंतात तिथे आलेला प्लेग कराचीकडून समुद्रमार्गे आल्याचं मानलं गेलं. ८,२३० वस्तीच्या धाकट्या दमणमध्ये लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मेले. हाफकिन यांची प्लेगवरची लस घेतलेल्या २,१९७ पैकी ३६ गेले.

या लसीचा दाखला असलेल्याला पुढे काही निर्बंधांतून सूट मिळाली. लस घ्यायला लोक तयार व्हावेत म्हणून ते ठीक होतं. पण दाखलेवाल्याच्या वळकटीतली पिसू तशीच प्रवास करत होती.

हज यात्रेचं थोडक्यात. फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबई आणि कराचीहून यात्रेकरूंना जायला बंदी झाली. लाल समुद्रात कमरान बेटावर तुर्की सरकारचं क्वारंटाइन १८८२ पासून होतंच, मुळात पटकीसाठी (कॉलरासाठी) उभारलेलं. पटकी पाण्यातून आणि माणसाच्या विष्ठेतून जाते, त्यामुळे तिथली कपडे उकळणं, पाणी बदलणं, माणसं थांबवणं ही घडी पटकीला योग्य होती. तीच प्लेगला लावली गेली. वर सांगितलेल्या बहुतेक चुकांचं मूळ या उचललेल्या घडीत आहे.

एक इशारा द्यायला हवा. एखादं बंदर प्लेगपासून वाचलं म्हणजे तिथलं क्वारंटाइन चांगलं होतं, असा निष्कर्ष काढू नका. मद्रास शहर प्लेगपासून जवळपास वाचलं आणि त्याचं श्रेय बंदोबस्ताला दिलं गेलं. पुढे कोलंबोत हर्स्ट या संशोधकाने दाखवलं की तिथल्या उंदरांवर मुख्यतः पिसूची वेगळी जात आहे, आणि ती प्लेग पोचवायला कमी कुवतीची आहे. मद्रासमध्येही तीच जात जास्त. मुंबईच्या उंदरांवर मात्र बहुतांशी ती घातकी जात होती, जी धान्याच्या भुशात वाढते आणि पोत्याबरोबर प्रवास करते. १९१४ मध्ये कोलंबोत प्लेग शिरला तेव्हा तो धान्याच्या वखारींच्या आसपासच जास्त राहिला. मुंबईत मांडवी, कोलंबोत धान्याची पेठ. दोन्हीकडे जागा एकच.

तुमच्याकडचे कागद वाचताना तीन गोष्टी तपासा. पहिली, शब्द. माणूस ‘निरीक्षणाखाली’ होता की ‘पाळतीवर’? निरीक्षण म्हणजे कॅम्पात किंवा जहाजावर कोंडलेला. पाळत म्हणजे घरी गेलेला आणि रोज हजेरी देणारा किंवा डॉक्टर भेटायला येणारा. दोन्हींना कागदात १० दिवसच लिहिलेलं असतं, पण माणसाच्या वाट्याला आलेले ते १० दिवस पूर्ण वेगळे होते. दुसरी, दिवस कुठून मोजले: बंदर सोडल्यापासून, पोचल्यापासून, की शेवटच्या रोग्यापासून. तिसरी, मालाचा रकाना. १८९७ मध्ये वापरलेले कपडे, चिंध्या, कच्ची कातडी, केस यांवर रोख होता. धान्य सहसा सुटलेलं दिसेल. १९०३ नंतरच्या कागदात धुरीची नोंद असेल आणि गंधकाचं वजन व होल्डचं माप दोन्ही दिलं असेल, तर साधा भागाकार करा. हजार घनफुटांना ३ पौंडांच्या आसपास उत्तर आलं आणि वेळ ६ तासांच्या वर असला, तर ती धुरी मनापासून दिलेली. एखाद-दोन पौंड आणि दोन तास असं निघालं, तर त्या जहाजाचे उंदीर धक्क्यावर जिवंत उतरले असं धरून पुढच्या महिन्याची त्या बंदराची मृत्युनोंद काढून बघा.